गर्भवतीला ‘आराम करा’ एवढेच सांगून भागत नाही

प्रति,
माननीय मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांचे पदाधिकारी आणि सदस्य

सविनय नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग गर्भवती व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांसोबत जातो. त्या माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा सातवा-आठवा महिना लागलेला असतो आणि काहीतरी बिघडलेले असते. कंबर धरलेली असते, जांघेत कळा येत असतात, वजन अपेक्षेबाहेर वाढलेले असते किंवा साखरेच्या तपासणीचा अहवाल हातात असतो. आजवर रोज किती चालणे होत होते, असे विचारले की बरोबर आलेली सासू किंवा आई उत्तर देते, ‘छे, आम्ही तिला काही करूच दिलं नाही.’ हे उत्तर अभिमानाने दिलेले असते, आणि त्यामागे माया असते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु जिला कोणताही धोका नव्हता, जिची सोनोग्राफी आणि रक्तदाब दोन्ही नीट होते, अशा स्त्रीचे सहा महिने पलंग, सोफा आणि गाडीची सीट यांवर जातात, आणि या काळात तिला तपासणाऱ्या एकाही व्यक्तीने ‘रोज चालत जा’ असे तिला स्पष्ट सांगितलेले नसते. हीच गोष्ट मला आपल्यापुढे मांडायची आहे.

गर्भारपणात अनेक स्त्रियांचा व्यायाम फार कमी पडतो, याचे कारण शोधताना आपण सहज त्या स्त्रीच्या स्वभावापाशी येऊन थांबतो. तिला आवड नाही, शिस्त नाही, कंटाळा करते, असे म्हणून विषय संपवतो. मला जे दिसते ते वेगळे आहे. गर्भवतीला थांबवण्याचा अधिकार घरातल्या, शेजारच्या आणि कचेरीतल्या प्रत्येकाला असतो. तिला हालचाल करायला सांगण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नेमून दिलेली नाही. ती जबाबदारी राज्याच्या आरोग्य विभागाने आणि प्रसूतितज्ज्ञांनी उघडपणे स्वतःकडे घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

वैद्यकीय बाजू आता संदिग्ध राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींविषयीची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत गर्भवती आणि बाळंतिणींसाठी स्वतंत्र शिफारस आहे: वैद्यकीय अडचण नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, त्यात स्नायूंना बळ देणारे प्रकारही असावेत आणि बसून राहण्याचा वेळ कमी करावा. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या शिखर संघटनेनेही त्याच वर्षी, आठवड्यातील बहुतेक दिवस २० ते ३० मिनिटे व्यायाम करावा, असा सल्ला पुन्हा दिला. मध्यम स्वरूपाचा म्हणजे किती, हे ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. चालताना शेजारणीशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी गती पुरते. अशा नियमित व्यायामाने गर्भारपणातील मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांचा धोका कमी होतो, वजन अवाजवी वाढत नाही, मन खचण्याचे प्रमाण घटते. आणि ज्या भीतीने स्त्रिया जागेवरून हलत नाहीत, त्या भीतीलाही उत्तर मिळालेले आहे. निरोगी गर्भवतीने असा व्यायाम केल्यास गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढत नाही.

हा सल्ला नेहमीच असा नव्हता. अमेरिकेतील याच संघटनेने १९८५ साली गर्भवतीच्या व्यायामाविषयी पहिल्यांदा नियम घालून दिले, तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नयेत आणि जोराचा व्यायाम १५ मिनिटांपेक्षा जास्त करू नये, असे सांगितले होते. ते अतिसावधगिरीचे नियम होते. पुरावा जमा होत गेला तशी ही मर्यादा १९९४ साली काढून टाकण्यात आली. याला आता ३० वर्षे उलटली आहेत. तरीही आपल्याकडच्या अनेक घरांत, आणि खेदाने म्हणावे लागते की काही दवाखान्यांतही, गर्भारपण म्हणजे जपून ठेवण्याचा काळ हीच समजूत कायम आहे. पुस्तकातला सल्ला बदलला, तो तपासणीच्या टेबलापर्यंत मात्र पोहोचला नाही.

तो का पोहोचत नाही, याचा विचार करताना मी डॉक्टरांची बाजू समजून घेण्याचा मनापासून प्रयत्न केला आहे. बाह्यरुग्ण विभागात एका स्त्रीच्या वाट्याला काही मिनिटे येतात. त्यात वजन, रक्तदाब, बाळाचे ठोके, गोळ्या, पुढची तारीख एवढे होते आणि दार उघडून पुढचे नाव पुकारले जाते. वेळेपेक्षाही मोठी अडचण दोषारोपाची आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितले आणि पुढच्या आठवड्यात रक्तस्राव झाला, तर घरचे लोक त्या चालण्याकडे बोट दाखवतात. प्रकरण तक्रारीवर, कधी दवाखान्याच्या तोडफोडीवर जाते. याउलट आराम सांगितला आणि वजन १८ किलोंनी वाढले, साखर चढली, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, तर त्याचा संबंध आरामाशी कोणी जोडत नाही. म्हणजे जो सल्ला शास्त्राला धरून आहे त्याची जोखीम डॉक्टरच्या डोक्यावर, आणि ज्याला पुरावा नाही तो सल्ला मात्र निर्धोक. ही स्थिती एकट्या डॉक्टरला बदलता येणार नाही. शासनाचे परिपत्रक आणि संघटनेची लेखी भूमिका पाठीशी असेल, तरच चालायला सांगणाऱ्या तरुण डॉक्टरला आधार मिळेल. सुरुवातीच्या काळातील गर्भपातांपैकी सुमारे निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात आणि जिना चढल्यामुळे किंवा फिरायला गेल्यामुळे ते होत नाहीत, हे एक वाक्य जरी दवाखान्याच्या भिंतीवर शासनाच्या नावाने लागले, तरी कित्येक स्त्रियांच्या डोक्यावरचा अपराधाचा भार उतरेल. ज्यांचा आधी गर्भ पडला आहे, त्या दुसऱ्या वेळी अक्षरशः श्वास रोखून दिवस काढतात, आणि त्यांना धीर देण्याऐवजी आपण त्यांना आणखी झोपवून ठेवतो.

पूर्ण विश्रांतीच्या सल्ल्याबद्दल तर अधिक स्पष्ट बोलायला हवे. गर्भपात टळावा किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळावी म्हणून सरसकट अंथरुणात झोपवून ठेवण्याचा उपयोग होतो, असे अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. शिरेत गुठळी होणे, स्नायू आणि हाडे कमजोर होणे, मन उदास होणे हे तोटे मात्र ठाऊक आहेत. तरी कृत्रिम गर्भधारणेनंतर, उशिरा दिवस राहिल्यानंतर किंवा थोडासा डाग दिसल्यानंतर ‘फक्त बाथरूमपुरतं उठायचं’ असा हुकूम अजूनही दिला जातो. मला त्यातली सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट अशी की या हुकमाला मुदत नसते. दोन आठवड्यांसाठी सांगितलेला आराम पुढच्या तपासणीत कोणी उठवत नाही, विचारायचे धाडस त्या स्त्रीला होत नाही, आणि तो नऊ महिने चालतो. औषध लिहिताना आपण किती दिवस घ्यायचे ते लिहितो. विश्रांती लिहून देताना कारण आणि मुदत दोन्ही लिहिण्याची शिस्त का नसावी?

आता घराकडे वळते. दिवस गेल्याची बातमी पहिले तीन महिने बाहेर सांगायची नाही, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे ज्या काळात मळमळ आणि थकवा सर्वांत जास्त असतो, त्याच काळात ती स्त्री कोणाशी मोकळेपणाने बोलूही शकत नाही. ज्या मैत्रिणीबरोबर ती सकाळी फिरायला जात असे, तिला काहीतरी सबब सांगून ती जाणे बंद करते. चौथ्या महिन्यापासून अंगात तरतरी येते आणि खरे तर हा व्यायामाचा सर्वांत सोयीचा काळ असतो, पण तोवर घरातील बंदोबस्त पक्का झालेला असतो. वाकू नको, जिना चढू नको, हात वर करून काही काढू नको, तिन्हीसांजेला बाहेर पडू नको, दोन जिवांची आहेस तर दोघांचे खा. मग नववा महिना लागला की तेच घर अचानक उलट बोलू लागते, ‘आता खाली बसून फरशी पूस, म्हणजे बाळंतपण सोपं होईल.’ आठ महिने न वापरलेल्या गुडघ्यांना आणि ओटीपोटाच्या स्नायूंना शेवटच्या तीन आठवड्यांत उकिडवे बसवून जे साधायचे ते साधत नाही. कंबर मात्र धरते. मी सासूबाईंना दोष देत नाही. त्यांच्या स्वतःच्या गर्भारपणात त्यांना विहिरीचे पाणी आणि दळण-कांडण सुटले नव्हते, तेव्हा सुनेला ते भोगावे लागू नये ही त्यांची इच्छा मला पूर्ण समजते. मात्र ही सून पाणी ओढत नाही. ती आधीच दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर बसलेली असते.

आणि पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते, याचा विचार आपल्या व्यवस्थेत कुठेच केलेला दिसत नाही. एका गावात तपासणी, दुसऱ्या गावात प्रसूती. पहिल्या डॉक्टरांनी चालण्याचा सल्ला दिला असला, तरी तो कागदावर नसल्याने माहेरी पोहोचत नाही. माहेरपण म्हणजे विसावा, आणि नव्या डॉक्टरांना ही मुलगी कालपर्यंत रोज अर्धा तास चालत होती हे कोणी सांगत नाही. शेवटचे दोन-अडीच महिने, जेव्हा अंग मोकळे राहणे सर्वांत गरजेचे असते, ते असे निसटतात.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण बहुतेक जणी ती रजा बाळासाठी राखून ठेवतात आणि प्रसूतीच्या जवळ येईपर्यंत कामावर जातात. प्रवास, खुर्ची, परतीचा प्रवास आणि घरी आल्यावर स्वयंपाक, यात व्यायामाला जागा उरत नाही. दुसऱ्या खेपेच्या वेळी कडेवर दोन-तीन वर्षांचे मूल असते, तेव्हा तर प्रश्नच मिटला. त्यात हेही लक्षात घ्यायला हवे की व्यायामाची सवय गर्भारपणात तुटते असे नाही. ती मुळात नसतेच. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. शाळा सुटल्यावर जिने कधी मैदान पाहिले नाही, तिला पाचव्या महिन्यात नुसते ‘थोडा व्यायाम करत जा’ म्हणणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे. तिला १० मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवायला सांगावे लागते, आणि ते करून दाखवावे लागते.

चालायचे तर कुठे, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. पदपथावर गाड्या उभ्या, जिथे फरशा आहेत तिथे त्या उखडलेल्या, सकाळी अंधारात कुत्र्यांची भीती. आठव्या महिन्यात तोल बदललेला असतो आणि पावलापुढचे दिसत नाही, तेव्हा ही साधी गैरसोय राहत नाही. अनेक महापालिकांची उद्याने दुपारी बंद असतात, म्हणजे सकाळचा डबा आणि मुलाची शाळा आटोपून जिला सवड मिळते तिच्यासाठी ती नसतातच. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे उन्हात चालणे गर्भवतीला धोक्याचेच आहे. शिवाय ज्या गोष्टीबद्दल बोलायला बायका संकोचतात, ती अशी की गर्भाशयाच्या दाबामुळे त्यांना वारंवार लघवीला जावे लागते आणि वाटेत वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसते. कित्येक जणी फिरायला जाणे सोडतात ते केवळ एवढ्याच कारणाने, आणि काही जणी पाणी पिणे कमी करतात, जे आणखी वाईट. स्वच्छतागृहांचा प्रश्न नगरविकास खात्याचा आहे हे मला माहीत आहे. पण त्याचे परिणाम प्रसूतिगृहात दिसतात, म्हणून आरोग्य विभागाने तो मांडावा.

इथवर मी ज्या स्त्रियांबद्दल लिहिले, त्या बहुतांशी शहरातल्या किंवा निमशहरी भागातल्या आहेत. शेतावर राबणारी, डोक्यावरून हंडे आणणारी, उसाच्या फडात मोळ्या उचलणारी गर्भवती वाचेल तर म्हणेल, ‘मला कसला व्यायाम सांगता?’ ती बरोबर बोलते. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९० च्या दशकात केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी गर्भवती स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्यात घरातली आणि शेतातली कष्टाची कामे जास्त करणाऱ्या मातांची बाळे आकाराने लहान असल्याचे आढळले. अपुरे अन्न आणि जास्त श्रम यांचा तो हिशेब होता. तेव्हा श्रम आणि व्यायाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही धोरणात पहिल्या ओळीत लिहावे लागेल. व्यायाम ती स्त्री स्वतःच्या शरीरासाठी करते, थकल्यावर थांबू शकते, आधी-नंतर खाऊ-पिऊ शकते. श्रमात यातले काहीच तिच्या हातात नसते. कष्टकरी गर्भवतीला ओझे कमी करून मिळणे, पोटभर जेवण मिळणे आणि दुपारी पाठ टेकता येणे हीच आरोग्यसेवा आहे. तिला पाठ मोकळी करणारे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना बळ देणारे दहा मिनिटांचे प्रकार उपयोगी पडतील. पण आधी हंडा उतरला पाहिजे.

याच ठिकाणी आपल्या आरोग्य संदेशातला एक दोष मला दिसतो. गावोगावच्या समुपदेशनात ‘रात्री आठ तास झोप आणि दिवसा दोन तास विश्रांती’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो दिवसभर राबणाऱ्या बाईसाठी होता आणि तिच्यासाठी आजही योग्य आहे. पण तोच सल्ला जसाच्या तसा बँकेत, शाळेत किंवा संगणकासमोर बसणाऱ्या बाईलाही दिला जातो, आणि जिला तो हवा तिला तो पाळता येत नाही, तर जिला नको तिच्या घरी तो तंतोतंत पाळला जातो. आशाताईंना आणि परिचारिका भगिनींना दोन प्रश्न विचारायला शिकवले, की ‘दिवसभरात उचलणे-वाहणे किती होते’ आणि ‘सलग बसणे किती होते’, तर कोणाला विश्रांती सांगायची आणि कोणाला चालणे, हे त्या अचूक ठरवतील. त्या घरे ओळखतात. आपल्यापैकी कोणाहीपेक्षा चांगली ओळखतात.

रक्तक्षयाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे दिसले. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आठ आहे, तिला दोन जिने चढल्यावर धाप लागते. तिला घरचे ‘अंगात आळस भरलाय’ म्हणतात आणि ती स्वतःही तसेच मानू लागते. तिच्या बाबतीत व्यायामाच्या आधी लोह आणि आहार. १८० दिवसांच्या लोहाच्या गोळ्या तिने घेतल्या की नाही, मळमळ होते म्हणून त्या कपाटात पडून आहेत का, हे पाहणे हीच तिच्या व्यायामाची पहिली पायरी आहे. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर तिला व्यायाम सांगूच नये.

तशीच इतरही काही कारणे आहेत जिथे थांबणेच योग्य: रक्तस्राव चालू असणे, शेवटच्या तिमाहीत वार गर्भाशयाच्या मुखावर असणे, पाणमोट फुटणे, अपुऱ्या दिवसांत कळा सुरू होणे, गर्भाशयाचे मुख सैल असणे, रक्तदाबाचा गंभीर विकार, हृदयाचे किंवा फुप्फुसाचे काही आजार. निरोगी स्त्रीनेही चक्कर, छातीत दुखणे, एका पोटरीत दुखून सूज येणे, अंगावर लाल किंवा पाणी जाणे, नियमित कळा किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काही जाणवल्यास लगेच थांबून दवाखाना गाठावा. ही यादी लहान आहे आणि तपासणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असते. माझे म्हणणे इतकेच, की या यादीत जी बसत नाही, तिला यादीत बसवल्यासारखे वागवू नये.

आपल्याच व्यवस्थेतली एक विसंगती मला अस्वस्थ करते. गर्भारपणातील मधुमेहाविषयीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासणी व्हायची असते, आणि दोन तासांनंतरची साखर १४० किंवा त्याहून अधिक आली, तर आधी दोन आठवडे आहार आणि व्यायाम यांवर भर द्यायचा असतो. म्हणजे व्यायाम हा उपचार आहे, हे आपल्याला मान्य आहे. पण तो सांगितला जातो आजार जडल्यावर. गर्भारपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होऊ लागतो. चालणारे स्नायू अशा वेळीही रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतर १५ मिनिटे घरातल्या घरात चालले तरी त्याचा फायदा होतो. जी गोष्ट सातव्या महिन्यात उपचार म्हणून द्यायची, ती चौथ्या महिन्यात सल्ला म्हणून का देऊ नये?

यासाठी मोठी योजना लागेल असे मला वाटत नाही. माता आणि बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्या नोंदी प्रत्येक भेटीत होतात. त्यातच एक रकाना वाढवावा: आठवड्यात किती दिवस आणि किती मिनिटे चालणे झाले. जे कार्डावर असते ते विचारले जाते, जे विचारले जाते ते घरी बोलले जाते, आणि माहेरी जाताना ते कार्ड तिच्या पिशवीतच असते. त्याच कार्डावर डॉक्टरांनी ‘व्यायामास हरकत नाही’ किंवा ‘अमुक कारणाने, अमुक तारखेपर्यंत विश्रांती’ यांपैकी एक सही करून लिहावे. ही सही घरच्यांसाठी आहे. ‘डॉक्टरांनी लिहून दिलंय’ या एका वाक्याने सुनेला फाटकाबाहेर पडता येते. तिच्या स्वतःच्या इच्छेने ते जमत नाही, हे कितीही वाईट वाटले तरी आजचे वास्तव आहे.

खासगी दवाखान्यांतील डॉक्टरांना माझी स्वतंत्र विनंती आहे. गर्भसंस्काराच्या आणि व्यायामाच्या वर्गांची शुल्के ज्यांना परवडतात, त्या तिथे जातात. पण आपल्याकडे तपासणीला येणाऱ्या बहुतेक जणींना तेवढे पैसे किंवा तेवढा वेळ नसतो. त्यांना आपल्या तोंडून एक वाक्य हवे असते, आणि ते सोबत आलेल्या नवऱ्यासमोर आणि सासूसमोर हवे असते. चिठ्ठीवर लोह आणि कॅल्शियमच्या खाली तिसरी ओळ लिहावी: ‘रोज ३० मिनिटे चालणे.’ गोळीइतक्याच गांभीर्याने ती पाळली जाते, हे मी पाहिले आहे.

बाळंतपणानंतरचा भाग मी इथे विस्ताराने घेत नाही, परंतु जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस बाळंतिणीलाही लागू आहे. सव्वा महिना बाजेवर, शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू यांनंतर तिला पुन्हा हालते करणे हे काम आज कोणाच्याच यादीत नाही. खोकताना लघवी निसटते ही तक्रार घेऊन बायका माझ्याकडे दहा-दहा वर्षांनी येतात, तोवर त्यांनी ती कोणालाही सांगितलेली नसते.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी शेकडो जणी आपल्या घरच्यांसह शासकीय दवाखान्यात येतात आणि नंबर लागेपर्यंत दोन-तीन तास बाकावर बसून राहतात. त्या वेळेतली २० मिनिटे मागते आहे. आवारातल्या सावलीत, साडीवर करता येतील असे पाच-सहा प्रकार दाखवून, ओळीने चालवून, श्वास किती लागू द्यायचा ते समजावून सांगता येईल, आणि सासवांनाही त्यात सामील करून घेता येईल. जिल्हा रुग्णालयांतील फिजिओथेरपिस्टना हे काम नेमून द्यावे. जिथे ते नाहीत तिथे आमच्यापैकी अनेक जण महिन्यातून एक दिवस विनामोबदला यायला तयार आहेत. विभागाने परवानगीचे पत्र काढले, तर पुढच्या ९ तारखेला माझ्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात मी स्वतः सकाळी नऊ वाजता हजर राहीन.

आपली विश्वासू,
गर्भवतींसोबत काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट